हवं तरच्या यादीत

महेश गायधनीच्या पोटात गेली दोन वर्षं दुखत होतं. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नव्हता, कारण त्या दुखण्याचं नाव स्नेहा होतं. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, पंचविशीची, समोर आलं की "महेशदादा, बसा ना" म्हणून स्वतःची खुर्ची सोडणारी मुलगी. तिच्यावर जळायचं तर तिने थोडं तरी वाईट वागायला हवं होतं. ती ते वागत नव्हती, आणि महेशला त्याचाही राग यायचा.

भानगड होती 'बिल्ला'ची. सात वर्षांपूर्वी महेश आणि त्याचा कॉलेजातला दोस्त हर्षल यांनी मिळून लेबलं छापायचं सॉफ्टवेअर लिहिलं. अख्खं सॉफ्टवेअरही नव्हे; दुसऱ्यांनी आपापल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवावा असा एक तयार तुकडा. या धंद्यात त्याला लायब्ररी म्हणतात. फुकट ठेवली होती. द्राक्षांच्या पेट्या, औषधांची खोकी, शाळांची ओळखपत्रं, बघता बघता सगळीकडे बिल्ला छापू लागलं. लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचं कंटाळवाणं काम हर्षल करत राहिला, म्हणून कारभारीही तोच झाला. महेश सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून मनाला येईल तेवढं करायचा. मनाला आलं त्यातून एक गोष्ट मात्र त्याने फार देखणी केली होती. तिचं नाव 'जोड'. लेबलच्या प्रिंटरवर मराठी अक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच्या डोक्यावर जाऊन बसते, जोडाक्षरं भांडून वेगळी राहिल्यासारखी लांब उभी राहतात. जोड बसवलं की सगळं जागच्या जागी यायचं.

बिल्लाच्या सोबतीला अशी बारकी पॅकेजं पाच-सहा होती. त्यातलं कुठलं किती गरजेचं, हे एका फाईलमध्ये तीन मथळ्यांखाली लिहिलेलं असे. फाईल इंग्रजीत, पण हर्षलने मथळ्यांना घरगुती नावं दिली होती. पहिला 'हवंच': हे नसेल तर बिल्ला चालणारच नाही, संगणक ते आणल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि ते काढलं तर बिल्लाही सोबत उपटलं जातं. दुसरा 'असावं': नको म्हणून मुद्दाम सांगितलं नाही, तर आपोआप येतं. तिसरा 'हवं तर': नुसतं नाव कानावर घालायचं, ज्याला पाहिजे तो मागून घेईल. आपल्याकडच्या लग्नासारखंच. एकाला घरी जाऊन अक्षत द्यायची, एकाला पत्रिका पाठवायची, आणि एकाला रस्त्यात भेटलाच तर "या बरं का" म्हणायचं.

जोड पहिल्या दिवसापासून 'हवं तर'मध्ये होतं. साडेचार वर्षं महेशला त्याचं काही वाटलं नाही. मग स्नेहा आली, तिने बारकोडच्या रेघा छापणारं 'रेघ' लिहिलं, आणि सहा महिन्यांत रेघ उचलून 'असावं'मध्ये गेलं. त्या दिवसापासून महेशला रोज सकाळी दात घासायच्या आधी आकडे बघायची सवय लागली. रेघ किती ठिकाणी बसलंय? नऊ हजार. जोड? एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी रेघ नऊ हजार साठ. जोड एक्केचाळीस.

महेशच्या चांदवडच्या बहिरूकाकांनी एकदा पुतणीच्या लग्नात पत्रिकेवर आपलं नाव 'निमंत्रक' सोडून खाली 'व्यवस्थापक'मध्ये छापलं म्हणून जेवण टाकून भर उन्हात एसटी पकडली होती. हा किस्सा महेश दोस्तांना हसत हसत सांगायचा. काकांना निदान एवढी अक्कल होती की ते उघड रुसले. पुतण्या सुशिक्षित पडला, त्यामुळे तो आतल्या आत रुसला.

हर्षलशी त्याचं एकदा बोलणं झालंही होतं. इंदिरानगरला हर्षलच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत तिघं रविवारी बसायचे, त्या दिवशी स्नेहा आलेली नव्हती.

"अरे, न मागता मिळालं तरच लोक वापरतात," महेश म्हणाला. "यादीच्या तळाशी काय लिहिलंय हे कोण बघतं? महाराष्ट्रात लेबल छापायचं आणि मराठी मागून घ्यायचं, हे बरोबर आहे का?"

"मुद्दा चूक नाहीये तुझा," हर्षल म्हणाला. "पण शंभरातल्या नव्वदांना जे लागतं ते 'असावं'. बारकोड लागतो. मराठी दहांना लागते. आणि जोडबरोबर फाँटांचं गाठोडं येतं, दोनशे एमबीचं. बिचाऱ्यांचे संगणक बघितलेस का कसले असतात?"

"म्हणजे माझं काम दहा टक्क्यांचं."

"मी तसं कुठं म्हणालो? 'हवं तर' म्हणजे आपला शब्द आहे रे. बसवा, नाही पटलं तर काढा, बाकीच्याला धक्का लागणार नाही. एवढंच."

महेशने चहा संपवला आणि विषय बदलला. पण घरी जाताना द्वारका चौकाच्या गर्दीत अर्धा तास अडकला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं की स्नेहाच्या वेळी हर्षलने टक्के काढले नव्हते. खरं तर काढले होते. महेशला ते आठवायचं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी हर्षलच्या मेहुणीचं लग्न निघालं, साक्रीला. चार दिवस फोन हातात धरायचा नाही असं बायकोने त्याला बजावलं. जाताना तो सांगून गेला, "स्नेहाने रेघमधली एक चूक सुधारलीय, पुसट रेघा यायच्या ती. नवी आवृत्ती महेश, तू सोड. स्नेहा, तू नजर घाल." दोघांपैकी एकाने सोडायची, दुसऱ्याने तपासायची, हा त्यांचा नियमच होता.

बुधवारी संध्याकाळी महेश आवृत्ती बांधायला बसला. पुन्हा रेघ. तिच्या चुका, तिच्याच सुधारणा, आणि आपण फक्त पाकिटाला गोंद लावणारे. त्याने ती फाईल उघडली. जोडची ओळ उचलली आणि 'असावं'मध्ये, रेघच्या शेजारी ठेवली. पाहिलं. बरं वाटलं, पण पोट भरलं नाही. दोन वर्षं मागे राहून शेवटी बरोबरी मिळवायची, यात काय शौर्य? मग त्याने ती ओळ आणखी एक पायरी वर नेली. 'हवंच'. रेघच्या वर. त्याचं तत्त्वही तयार होतं, मराठीचं, आणि तत्त्वाचा सदरा चढवला की मत्सर चारचौघांत फिरू शकतो. बदलांच्या नोंदीत त्याने लिहिलं, "किरकोळ दुरुस्त्या".

त्याने स्नेहाला निरोप टाकला. ती त्या आठवड्यात मनमाडला घरी होती. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "दादा, रेघचा भाग बघितला, बरोबर आहे. बाकी तुम्हीच केलंय ना, मग मी काय बघू." आणि तिने होकार देऊन टाकला. महेशला क्षणभर स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज घालवायला त्याने घाईने बटण दाबलं. नवी आवृत्ती रात्रीतून लोकांच्या संगणकांवर आपोआप उतरायची.

गुरुवारी सकाळी जोडचा आकडा होता दोन हजार सहाशे. रेघ जिथे नव्हतं तिथेही जोड गेलं होतं. महेशने तो आकडा तीनदा बघितला आणि चहा घेऊन आलेल्या उज्ज्वलाला, म्हणजे बायकोला, दाखवला.

"अरे वा," ती म्हणाली. "पण एका रात्रीत एवढ्या लोकांना मराठी कशी काय आठवली?"

"चांगल्या गोष्टीला वेळ लागतो," महेश म्हणाला. चहा फार छान झाला होता.

साडेआठला फोन वाजला. द्राक्षं निर्यातीसाठी पेट्यांत भरतात अशा पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसचे मालक, हिरामण आप्पा. तिथले दोन्ही संगणक हर्षलनेच बसवून दिले होते.

"हर्षल सायेब फोन उचलत नाय. तुमचा नंबर त्यांनीच देऊन ठेवलेला," आप्पा म्हणाले. "लेबलाचं मशीन बंद पडलंय. दुपारी बाराला माझा कंटेनर न्हाव्हा-शेव्याला निघायचा हाय. लेबल नसलं तर पेटी म्हंजे नुसता पुठ्ठा. या लवकर."

महेशला काय झालं असेल याचा अंदाज आला नाही असं नाही. पण माणूस अंदाज येऊनही गाडीला किक मारताना दुसरंच काही झालं असेल अशी आशा करतो. आडगाव, ओझर मागे टाकत तो पाऊण तासात पोचला.

पॅकिंगच्या हॉलमध्ये साठेक बायका डोक्याला टोप्या घालून रिकाम्या हातांनी बसल्या होत्या. टेबलांवर घड भरलेले डबे, मागे पेट्यांची थप्पी, आणि एकाही पेटीवर लेबल नाही. कोपऱ्यातल्या संगणकापाशी चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली पन्नाशीची एक बाई उभी होती. मालनबाई. गेटवरची आवक आणि इथली लेबलं, दोन्ही तीच बघायची. शेजारी आप्पा उभे होते आणि तिची खरडपट्टी चालू होती.

"तुला कोनी सांगितलं मशीनला हात घालायला? आं? उद्यापासनं तू टेबलावर. लेबलं दुसरं कोनी बघंल."

"आप्पा, मी बिनकामाचं नाय केलं," मालनबाई म्हणाली. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज बारीक झाला होता. महेशकडे वळून ती म्हणाली, "सायेब, सकाळी मशीन चालू केलं तर जागा नाय म्हनून बोंबलाया लागलं. बघितलं तर नवीन काय आलंय, तर जोड. म्हनलं हे तर गेटवरच्या मशीनचं, हिकडं कसं आलं? हर्षल सायबांनी गेटवर बसवताना मला सांगितलं व्हतं, मालनबाई, हे कधी नडलं तर बिनघोर काढून टाका, बाकीच्याला धक्का लागनार नाय. म्हनून काढलं. तर समदंच गेलं."

महेशने संगणक बघितला. फाँटांच्या गाठोड्याने जुन्या मशीनची उरलीसुरली जागा खाल्ली होती. बाईने शहाणपणाने जोड काढलं होतं. पण जोड आता 'हवंच' होतं, म्हणून जाताना बिल्लाला हाताला धरून घेऊन गेलं. संगणकाने इंग्रजीत विचारलं होतं, हे हे जाईल, चालेल का? तिने हर्षलच्या शब्दावर विश्वास ठेवून 'हो' दाबलं होतं. चूक शोधायला महेशला मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्याने स्नेहाला फोन लावला.

"दादा, तीन ठिकाणांहून असंच आलंय," ती म्हणाली. "मी बघितलं. जोडची ओळ वर गेलीय, 'हवंच'मध्ये. चुकून सरकली असेल ना?"

तिने सबबीचं दार उघडून धरलं होतं, नुसतं आत जायचं होतं.

"हं," महेश म्हणाला.

"मी परत खाली 'हवं तर'ला नेते आणि लगेच नवीन आवृत्ती सोडते. तुम्ही नजर घाला फक्त."

वीस मिनिटांत तिने ते केलं. महेशने होकार दिला, बिल्ला पुन्हा बसवलं, प्रिंटरने घसा खाकरला आणि पहिलं लेबल बाहेर पडलं. बायका उठल्या, हॉलमध्ये पुन्हा आवाज सुरू झाला. घड्याळात पावणेदहा वाजले होते. कंटेनर चुकणार नव्हता.

महेशने हुश्श करून फोन बघितला. स्नेहाने बिल्लाच्या पानावर, जिथे जगभरचे वापरणारे वाचतात तिथे, सूचना लावली होती. "कालच्या आवृत्तीत एक पॅकेज चुकीच्या मथळ्याखाली गेलं. तपासणी माझ्याकडे होती आणि मी ती फाईल उघडली नाही. चूक माझी आहे. ज्यांचं काम थांबलं त्यांची माफी मागते." खाली लोकांची उत्तरं येत होती. इतक्या लवकर सुधारलं, आभार. असं सरळ कोणी कबूल करत नाही. बंगळूरच्या कोणीतरी लिहिलं होतं की अशा माणसांमुळेच आम्ही बिल्ला वापरतो. आणि साक्रीहून, बायकोची नजर चुकवून, हर्षलनेही लिहिलं होतं: "स्नेहा, याला हिंमत लागते. शाबास."

महेशने ते दोनदा वाचलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच्या पोटात पूर्वी कधी दुखलं नव्हतं इतकं दुखलं. रेघ तिचं, आवृत्ती तिची, सुधारणा तिची. एवढी एक चूक त्याची स्वतःची होती, पूर्ण मनापासून केलेली, आणि तीही तिने नावावर करून घेतली. वर शाबासकी मिळवली.

तिकडे आप्पांचं अजून चालूच होतं. मशीन सुरू झालं तरी माणसाचा राग लगेच बंद होत नाही. "आज निभावलं," ते म्हणत होते. "पन मालन, उद्या तू टेबलावर म्हंजे टेबलावर."

"तिची चूक नाहीये," महेश म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं.

"ते जोड मी लिहिलंय. काल ते मी मुद्दाम वरच्या यादीत टाकलं, कोणाला न विचारता. ते खाली असतं तर इथे आलंच नसतं, आणि आलं असतं तरी काढल्याने काही बिघडलं नसतं. बाईंनी केलं ते बरोबर केलं."

हे तो चांगुलपणाने बोलला असं लिहायला मला आवडलं असतं. चांगुलपणा होता, थोडा. मालनबाईचा उतरलेला चेहरा त्याला बघवत नव्हता हे खरं. पण अर्ध्याहून अधिक ती पोटदुखीच होती. निदान आपला गुन्हा तरी आपल्या नावावर असावा अशी. त्याने तिथेच उभ्या उभ्या स्नेहाच्या सूचनेखालीही लिहिलं, "ओळ चुकून सरकली नव्हती. मी सरकवली. स्नेहाचा दोष नाही." पाठवलं. त्यावर शाबास कोणी म्हणालं नाही.

आप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मुद्दाम? का पन?"

महेश प्रिंटरमधून पडणारी लेबलं एकावर एक सरळ लावत राहिला.

"बरं," आप्पा शेवटी म्हणाले. "मालन, तू बस मशीनवर. आन सायेब, तुम्ही ते तुमचं जे काय हाय ते काढा. दोन्ही मशीनवरनं. मला इथं जेवढं लागतं तेवढंच पायजे. हंगामात पुन्हा ही भानगड नको."

"आप्पा, गेटवरचं ऱ्हाऊ द्या," मालनबाई म्हणाली.

"नाय. उद्या त्यानं तिथंबी असंच केलं तर?"

ज्याने एकदा मुद्दाम केलं त्याची हमी कोण देणार? आप्पा कंटेनरवाल्याला फोन लावत बाहेर गेले.

गेटवरच्या टपरीवजा खोलीत दुसरा संगणक होता. मालनबाई त्याच्यासोबत आली. शेजारी द्राक्षांनी भरलेली कॅरेटं उतरत होती, आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी चिकटलेली होती. मळ्याचं नाव, खुडणाऱ्या बाईचं नाव, स्वच्छ मराठीत. जोडाक्षरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, वेलांट्या आपापल्या जागी. महेशने आपलं काम कधी असं कागदावर, चिकटवलेलं, बघितलं नव्हतं.

"म्हंजे हे जोड तुमचं व्हय?" मालनबाई म्हणाली. "मला वाटलं हर्षल सायबांचं."

"माझं."

"मीच मागून घेतलेलं. आधी इंग्रजीत चिठ्ठ्या यायच्या. आमच्या बायांना वाचता येत नाय, मंग हे कॅरेट माझं का तुझं, रोजची भांडनं. मी हर्षल सायबांच्या मागंच लागले, मराठीत द्या म्हनून. ते म्हनले, हाय एकाचं, फार नेटकं काम हाय त्याचं, मागंल त्याला देतो. दोन वर्सं झाली. एक दिवस नडलं नाय."

एक्केचाळीसांपैकी एक. दोन वर्षं रोज सकाळी ज्या आकड्यावर त्याने दात खाल्ले होते, त्यातली एक त्याच्यासमोर चष्मा पुसत उभी होती. तिने कोणी न सांगता, न लादता, मागे लागून त्याचं काम मागून घेतलं होतं. आणखी चाळीस ठिकाणी अशीच कोणीतरी असणार होती. ती काय करत असतील, कशाला मागितलं असेल, हे त्याने कधी एकदाही विचारलं नव्हतं. रेघच्या नऊ हजारांपैकी रेघ मागून घेतलेले किती जण होते, हा हिशोब त्याला पहिल्यांदाच सुचला, आणि आता सुचून उपयोग नव्हता.

"काढू का?" त्याने विचारलं.

"मालकानं सांगितलंय तर काढायलाच पायजे ना," ती म्हणाली.

त्याने काढलं. संगणकाने विचारलं, नक्की? त्याने 'हो' दाबलं. बिल्लाला काही धक्का लागला नाही. ते छान चालत होतं.

पुढची कॅरेटं आली. मालनबाईने चिठ्ठी छापली. सिंधूबाईची होती, वेलांटी स सोडून ध वर जाऊन बसली होती आणि मळ्याच्या नावातलं जोडाक्षर फुटून दोन तुकडे झाले होते. कॅरेट उतरवणाऱ्या बाईने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मावशी, हे कोनाचं?" मालनबाईने ती चिठ्ठी काढली, खणातून कोरा कागद आणि पेन घेतलं, आणि नावं हाताने लिहायला बसली. दारात चारशे कॅरेटं उभी होती.

"द्या, मी लिहितो थोडी," महेश म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ती मान वर न करता म्हणाली. "तुमी जा आता. लागलं तर बोलावते."

महेश थोडा वेळ तिथेच उभा राहिला. तिने बोलावलं नाही.